पाण्याची सवत

आगीचा बंब आला आणि त्यातून पाणीच निघेना, असं त्या गल्लीनं आजवर पाहिलं नव्हतं. बंब गल्लीच्या तोंडाशी उभा होता, पोटात टाकीभर पाणी घेऊन. गल्लीच्या मध्यावर एक लोखंडी पिंप आडवं पडलं होतं, त्याच्याभोवती पांढरा धूर घोटाळत होता, आणि बंबावरची माणसं नळीला हातही न लावता गोण्या उतरवत होती. गोण्यांत वाळू होती. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यानं हे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, की बाईमाणसाच्या हाती बंब दिला की हे असंच व्हायचं.

ती बाई म्हणजे फायर स्टेशनची मुख्य अधिकारी. स्टेशनात तिला ऑफिसरबाई म्हणत, घरी ठकू. बेकरीवाल्याचं बोलणं तिनं एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं. तिच्या जिवाला तेव्हा वेगळाच घोर होता, आणि तो पिंपाचा नव्हता. पिंपाचं काय करायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं. घोर होता तो पिंपाच्या बरोब्बर समोरच्या घराचा. तिथं पहिल्या मजल्यावर तिचे आईवडील राहत होते, आणि तिचे वडील म्हणजे बंबवाले आबा.

आबांची उभी हयात बंबावर गेली होती. निवृत्त झाले ते फक्त कागदोपत्री. बाल्कनीतल्या नळाला त्यांनी चांगली जाड नळी बसवून घेतली होती, पुढे पितळी तोटी, रोज घासून लख्ख केलेली. सकाळी त्या नळीनं ते कुंड्यांना पाणी घालत, मग गल्ली धूत, आणि गल्लीत कुणी गाडी लावून ठेवली असेल तर मालकाला न विचारता तीही धूत. आठवड्यातून एकदा स्टेशनात जाऊन खुर्ची टाकून बसत आणि मुलीच्या कारभारातल्या चुका काढत. आपल्या जागेवर आपली मुलगी बसली याचा त्यांना मनातून फार आनंद होता, पण तो त्यांनी कधी ओठांवर येऊ दिला नाही. तोंडावर वाखाणलं की माणूस सैल पडतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

त्यांचं सगळं शास्त्र चार शब्दांत मावायचं: आधी पाणी, मग बोलणी. आणि त्या पाण्यावर हुकूम चालायचा तो शिट्टीचा. हा कायदा त्यांनीच स्टेशनात घातला होता. छोटी शिट्टी वाजली की पाणी सोडायचं. लांब शिट्टी वाजली की बंद करायचं, आणि तेही ती शिट्टी संपायच्या आत. का, कशाला, हे सगळं नंतर. नळी धरणाऱ्याला नळीपुढचंच दिसतं आणि शिट्टीवाल्याला चहूकडचं दिसतं, म्हणून आगीच्या जागी शिट्टी एकाच माणसाकडे राहील, हेही त्यांचंच. एकदा मामानं, म्हणजे आता स्टेशनात सगळ्यांत जुना असलेल्या फायरमननं, लांब शिट्टी संपल्यावर तोटी बंद केली होती. आबांनी त्याला भरलेली नळी खांद्यावर देऊन मैदानाला इतके फेरे घालायला लावले, की मामा अजूनही लांब शिट्टी ऐकली की खांदा चोळतो.

अशा माणसाची मुलगी स्टेशनात आली आणि तिनं काय केलं, तर वाळू वाळवायला घेतली. ऊन पडलं की गच्चीवर वाळू पसरायची, सारखी करायची, संध्याकाळी भरून गोण्यांची तोंडं घट्ट बांधायची. जवान आपसांत हसायचे. आबांच्या तर नाकाला मिरच्याच झोंबल्या. वाळूच टाकायची होती तर आम्ही बंबावर कशाला आलो, गवंडीच झालो असतो, असं ते भर स्टेशनात म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, तशी तिनं पुन्हा वाळू पसरली.

त्याचं कारण गावाबाहेरच्या कारखान्यात होतं. खिडक्यांच्या, मोरीच्या फटी बुजवायला तो पारदर्शक चिकट मसाला मिळतो ना नळकांड्यात, तो तिथं बने. कामावर रुजू झाल्यावर ऑफिसरबाईनं आपल्या हद्दीतले सगळे कारखाने पालथे घातले होते; कुठं काय ठेवलंय हे कागदावर वाचून तिचं समाधान होत नसे. या कारखान्यातली केमिस्ट होती पिकल्या केसांची, बोलायला फटकळ. तिनं तिला एक बाटली दाखवली. आत पाण्यासारखं स्वच्छ, पातळ काहीतरी होतं. नाव मिथाइलट्रायक्लोरोसिलेन. पण एवढं लांबलचक नाव कामाच्या गडबडीत कोण घेणार? कारखान्यातली माणसं त्याला सवत म्हणायची. पाण्याची सवत.

केमिस्टनं काचेच्या बंद कपाटात त्याचा एक थेंब बशीभर पाण्यात टाकून दाखवला होता. थेंब पडला, चर्र झालं, आणि पांढऱ्या वाफेनं कपाट भरून गेलं. ही वाफ म्हणजे आम्ल, केमिस्ट म्हणाली, डोळ्यांत गेली तर डोळे जाळील, छातीत गेली तर छाती. लोखंडालाही सोडत नाही. हिला ओली हवासुद्धा खपत नाही, नुसतं झाकण उघडलं तरी धुमसते. रिकामं पिंप धुऊनपुसून वापरायला घेतलं आणि आत चार थेंब राहिले, की बंद पिंप फुगून फुटलंच म्हणून समजा. वर पेटते पेट्रोलसारखी. तेव्हा कधी सांडली तर कोरडी वाळू टाका, पेटली तर कोरडी पावडर मारा, आणि तुमच्या त्या बंबाला तेवढं लांब ठेवा. बशीत शेवटी पांढरी खरवड उरली होती. ऑफिसरबाई बराच वेळ त्या बशीकडे बघत राहिली होती, आणि घरी जाताना तिनं पहिल्यांदा वाळूचा विचार केला होता.

तर त्या सकाळी कारखान्याकडे निघालेल्या टेम्पोनं मोठ्या रस्त्यावरची गर्दी टाळायला गल्ली धरली, गल्लीच्या मध्यावर कचकन ब्रेक लावला, आणि मागचं एक पिंप सुटून खाली आलं. पदपथाच्या दगडाच्या कोपऱ्यावर आदळून त्याच्या बुडाशी चीर पडली. एरवी ते नुसतं धुमसलं असतं. पण आबांनी नुकतीच गल्ली धुतली होती आणि कडेच्या खळग्यांत पाणी साचलेलं होतं. जिथं जिथं ओल होती तिथून पांढरे लोट उठले. टेम्पोचा ड्रायव्हर जीव मुठीत धरून पळत सुटला तो गल्लीच्या तोंडाशी येऊन डोळे दाबत बसला.

बंब पोचला तेव्हा मामाचा हात सवयीनं नळीकडे गेला. ऑफिसरबाईनं पिंपावरची पाटी दुर्बिणीतून वाचली आणि मामाचा हात धरला. पिंपावर थेंबभरही पाणी पडता कामा नये, असं तिनं सगळ्यांना ठणकावून सांगितलं. मामाचा चेहरा पडला, पण हात मागे आला. तिनं बंब वारा येत होता त्या बाजूला लावून घेतला, बेकरीची भट्टी आणि गल्लीतल्या सगळ्या गाड्यांची इंजिनं बंद करवली, वाऱ्याच्या खालच्या घरांतली माणसं मागच्या दारांनी बाहेर काढली. उरलेल्यांना मामाकडून भोंग्यावरून सांगवलं की खिडक्या लावून आत बसा आणि रस्त्यावर पाणी टाकू नका. ड्रायव्हरला मात्र तिनं बंबाच्या मागे बसवलं आणि मामाला त्याच्या डोळ्यांवर पाणी सोडायला लावलं, धार हळू ठेवून, पापण्या उघडून, सारखं.

बेकरीवाल्याला हे सहन होईना. ड्रायव्हरला पाणी आहे आणि रस्त्याला नाही, हा कुठला न्याय, असं त्यानं विचारलं. तेवढ्यापुरतं तिनं उत्तर दिलं.

"माणसाला लागलं की धुवायचं. सांडलेलं असेल तर झाकायचं. आत जा आणि दार लावा."

ती इतकी शांतपणे बोलली की बेकरीवाला खरंच आत गेला.

मग तिनं आईला फोन केला. आईनं फोन उचलल्या उचलल्या सांगितलं की खिडक्या लावल्यात, दाराखाली पंचा कोंबलाय, आणि गॅस बंद आहे. बंबवाल्याची बायको होती ती, तिला शिकवायला लागत नसे. ऑफिसरबाई म्हणाली, आबांना बाल्कनीत जाऊ देऊ नकोस.

"त्यांना मी थांबवू?" आई म्हणाली. "इतकी वर्षं जमलं नाही ते आज जमेल होय? तू तुझं काम उरक लवकर."

म्हणून तिनं लवकर उरकायचं ठरवलं. रबरी पोशाख, हातमोजे, पाठीवर हवेचं नळकांडं, चेहऱ्यावर पूर्ण मास्क. तसेच सजलेले दोन जवान वाळूच्या गोण्या घेऊन मागे. ठरलं होतं ते असं: सांडलेल्याच्या कडेनं आधी वाळूचा बांध, मग सगळ्यावर वाळू, मग पिंप अलगद फिरवून चीर वर आणायची म्हणजे गळणं थांबेल. पुढचं कारखान्याची माणसं त्यांच्या मोठ्या कोरड्या पिंपातून नेतील. तिला भीती वाटत नव्हती. जे येणार हे ठाऊक होतं आणि ज्यासाठी इतकी वाळू वाळवली, तेच आलं होतं. खरं सांगायचं तर तिला आत कुठंतरी बरं वाटत होतं.

वरून मात्र हे सगळं वेगळं दिसत होतं. आबा खिडकीच्या काचेला नाक लावून उभे होते. त्यांना धूर दिसत होता, आणि धुरात चालत जाणारी मुलगी. तिच्या मागे पाण्याची नळी नव्हती. आबांच्या सगळ्या नोकरीत माणूस धुरात शिरला आणि त्याच्या मागे भरलेली नळी नाही, असं एकदाही घडलं नव्हतं. घडू दिलंच नव्हतं त्यांनी. भोंग्यावर पाणी नको म्हणाले ते त्यांनी ऐकलं होतं, पण भोंग्यावर आवाज मामाचा होता, आणि मामाला अक्कल कधी होती? आबांच्या काळजाचं पाणी झालं. त्यांनी दार उघडलं, आईनं धरलेला हात सोडवला, बाल्कनीत गेले आणि नळ सोडला.

घरच्या नळाला स्टेशनचा जोर कुठला असायला. धार पिंपापर्यंत पोचली नाही, अलीकडेच रस्त्यावर पडली. पण रस्त्याला उतार होता तो पिंपाकडेच. ऑफिसरबाईला मास्कमधून आधी आवाज आला, सपसप असा, तिच्या लहानपणापासूनच्या ओळखीचा. तिनं वर पाहिलं. आबा कठड्याला टेकून, पाय रोवून, तोटी दोन्ही हातांनी धरून उभे होते, शिकवतात तसे. तिनं हात हलवले, ओरडली. मास्कमधून काय आवाज जाणार? भोंग्यावरून मामा जिवाच्या आकांतानं आबा, आबा करत होता, तेही वाया गेलं. आबांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते धार लांबवायला तोटी आणखी उंच करत होते.

पाण्याचा पहिला ओघळ सांडलेल्याच्या कडेला पोचला. चर्र झालं आणि तिथून माणसाच्या उंचीचा पांढरा लोट उठला. अजून ओघळच होता. मागून सगळं पाणी आलं असतं तर तो लोट तापून, उसळून थेट पहिल्या मजल्यावर गेला असता, आणि तिथं उघड्या दारात तिचे आईवडील उभे होते. पिंपाच्या चिरेतून पाणी आत शिरलं असतं तर काय झालं असतं, तो विचार तिनं पुरता केलाच नाही.

शिट्टी छातीवरच्या पट्ट्याला अडकवलेली होती. वाजवायची तर मास्क काढायला हवा, आणि तिथं मास्क काढणं म्हणजे आम्लात तोंड घालणं. पण तिला एक गोष्ट लख्ख सुचली. शिट्टी वाजवताना माणूस श्वास घेत नाही, सोडतो. तिनं नळकांड्यातली हवा छातीत मावेल तेवढी भरून घेतली, डोळे गच्च मिटले, मास्क वर केला, शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली.

लांब. शक्य तितकी लांब.

चेहऱ्याला मुंग्या डसल्यासारखं झालं. पापण्या मिटलेल्या असूनही डोळे चुरचुरायला लागले. उघडून बघावं असं फार वाटलं, आणि तिनं उघडले नाहीत. कान मात्र टवकारलेले होते. सपसप चालूच होती. छातीतली हवा कमी होत चालली. तिला आठवत होतं ते एवढंच, की या माणसानं आयुष्यात तिचं एकही ऐकलेलं नाही. शाळा त्यांनी ठरवली, पोहायला त्यांनी ढकललं, बंबावर येऊ नकोस म्हणाले आणि ती आली तेव्हा सहा महिने अबोला धरला. पण हे ती सांगत नव्हती. हे शिट्टी सांगत होती, आणि शिट्टी त्यांची होती.

शिट्टीचा शेवटचा बारीक सूर निघत होता आणि सपसप थांबली.

ती थांबली म्हणजे एकदम थांबली, तोटी कडेपर्यंत पिळल्यावर थांबते तशी. ऑफिसरबाईनं मास्क खाली ओढला, घट्ट केला आणि श्वास घेतला. थोडा धूर मास्कच्या आत अडकलाच होता. हवेच्या झोतानं तो निघून गेला, पण डोळ्यांना जे व्हायचं ते होऊन गेलं. अर्धवट दिसत होतं तेवढ्यावर तिनं पहिली गोणी ओघळाच्या वाटेत रिकामी केली. मागच्या दोघांना सांगावं लागलं नाही. वाळू पडत गेली. गच्चीवरच्या उन्हात खडखडीत वाळलेली ती वाळू सवतीवर पडली तेव्हा ना चर्र झालं, ना वाफ आली. जिथं पडली तिथं धूर विरत गेला. मग तिघांनी मिळून पिंप फिरवलं, चीर वर आली, गळणं थांबलं. तेवढं झाल्यावर तिनं जवानांना उरलेल्या कडा झाकायची खूण केली आणि ती गल्लीच्या तोंडाकडे निघाली, एका जवानाच्या खांद्यावर हात ठेवून.

आबा मागच्या जिन्यानं उतरून, वळसा घालून बंबापाशी येऊन पोचले होते. मामानं आत्तापर्यंत त्यांना वाळूचं, सवतीचं सगळं भडाभडा सांगितलेलं होतं. एरवी मामाला अर्ध्यात तोडणारे आबा ते मुकाट ऐकून घेत होते. जवानांनी ऑफिसरबाईचा पोशाख उतरवला, मास्क काढला. तिचे डोळे लाल होऊन सुजले होते, उघडत नव्हते. आबांनी मामाच्या हातातली पाण्याची बादली हिसकावून घेतली, मुलीला खाली बसवलं, तिची मान मागे केली, बादलीत तांब्या बुडवला आणि तिच्या चेहऱ्यावर धरला.

धरला, पण कलता केला नाही.

"आबा, ओता की," मामा म्हणाला.

"शिट्टी कुठं झालीय," आबा म्हणाले.

मामाला वाटलं म्हातारा भ्रमिष्ट झाला. ऑफिसरबाईला मात्र कळलं. मिटल्या डोळ्यांनी तिनं छातीवर चाचपडून शिट्टी शोधली, तोंडात धरली आणि वाजवली. एक छोटी.

आबांनी पाणी सोडलं. धार हळू ठेवून, दुसऱ्या हातानं पापणी उचलून, मामानं ड्रायव्हरसाठी केलं होतं त्याहून हळुवार. तांब्यामागून तांबे. बऱ्याच वेळानं ते तिच्या कानाशी वाकून, मामाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात बोलले.

"मागे नळी नव्हती तुझ्या. मला राहवेना."

"यात मागे नळी नसते, आबा."

"हं. कळलं आता." त्यांनी दुसरी पापणी उचलली. "डोळे मिटून वाजवत होतीस. वरून दिसत होतं मला. मी बंद करतोय की नाही, ते तरी बघायचंस."

"बघायचं कशाला?" ती म्हणाली. "शिट्टी लांब होती."

आबांनी तांब्या पुन्हा भरून घेतला. या वेळी थोडं पाणी तिच्या कानात गेलं. ऑफिसरबाईला रडू येत होतं, अगदी शाळकरी पोरीसारखं, पण चेहऱ्यावरून इतकं पाणी वाहत होतं की ते कुणाला समजायची सोय नव्हती. तिकडून आई आली, हातात कोरडा टॉवेल घेऊन, आणि आता पुसू का म्हणून विचारू लागली. आबांनी तिला हातानंच थांबवलं. बेकरीवाला दार किलकिलं करून हे बघत होता. त्यालाच आबांनी हाक मारली आणि बादली भरून आणायला सांगितलं, आणि तो निमूट घेऊन गेला.

पाणी बंद करायला लांब शिट्टी लागते. ती तिच्या ओठांत होती, आणि तिनं ती कितीतरी वेळ वाजवली नाही.